बावीस वर्षांची रिकामी जागा : धाराशिवची सारिका काळे आणि खो-खोचा अर्जुन पुरस्कार

धागा थोडा लांब आहे, सवडीने वाचावा.

अर्जुन पुरस्काराची यादी १९६१ पासून सुरू होते. त्या यादीतून खो-खोपटूंची नावे तेवढी वेगळी काढून कालक्रमाने मांडली, तर शेवटाकडे एके ठिकाणी नजर अडखळते. १९९८ : शोभा नारायण. त्याखालची ओळ, २०२० : सारिका काळे. मधल्या बावीस वर्षांत एकही नाव नाही. १९९८ साली जन्मलेले मूल खो-खो शिकले, शाळेकडून खेळले, महाविद्यालयाकडून खेळले आणि खेळून निवृत्तही झाले, तरी त्याच्या हयातीत या खेळाला देशाचा हा सन्मान मिळालेला नव्हता.

ही रिकामी जागा कशी निर्माण झाली आणि ती भरण्याचे काम मराठवाड्यातील एका अवर्षणप्रवण जिल्ह्यातील मुलीकडे कसे आले, हा आजचा विषय. (जिल्ह्याचे नाव आता अधिकृतपणे धाराशिव आहे. पुढे ज्या वर्षांविषयी लिहिले आहे, त्या काळच्या कागदपत्रांत आणि बातम्यांत ते उस्मानाबाद असे आढळेल.)

प्रथम थोडे दूर जाऊ. अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड या गावी १८९१ च्या डिसेंबरात जेम्स नेस्मिथ या शारीरिक शिक्षकाने बास्केटबॉल हा खेळ रचला. पुण्यात डेक्कन जिमखान्याने १९१४ च्या सुमारास खो-खोचे नियम बांधले. पुढे बडोद्यात आणि महाराष्ट्रात त्यांवर संस्कार होत राहिले. म्हणजे नियमबद्ध खेळ म्हणून दोघांच्या वयात फक्त दोन-अडीच दशकांचे अंतर. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तर दोन्ही परंपरा एकाच शहरात होत्या. बास्केटबॉल त्या वर्षी प्रथमच पदकांच्या खेळांत दाखल झाला आणि वृद्ध नेस्मिथ ते पाहण्यास स्वतः उपस्थित होते. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथकही तेथे गेले होते आणि त्याने जर्मन प्रेक्षकांसमोर भारतीय व्यायाम व खेळांची प्रात्यक्षिके केली. एकाला पदके मिळाली, दुसऱ्याला टाळ्या. पुढच्या शतकाचा फरक इथूनच दिसू लागतो.

बास्केटबॉलने आपला इतिहास फार आस्थेने जपला. १९५९ मध्ये नेस्मिथ यांच्या नावाने ‘हॉल ऑफ फेम’ स्थापन झाला. खेळाडू, प्रशिक्षक, पंच अशा सर्वांची नावे तेथे विधिपूर्वक नोंदली जातात. अमेरिकेत महाविद्यालयीन खेळाडूचा प्रत्येक गुण लिहून ठेवण्याची पद्धत आहे. लुइझियाना स्टेट विद्यापीठाच्या पीट मॅराविचने तीन हंगामांत ८३ सामन्यांत ३६६७ गुण केले, हे आज कोणीही घरबसल्या सांगू शकतो. १९८७ मध्ये त्याचे नाव त्या दालनात गेले, तेव्हा समितीपुढे पुराव्याची वाण नव्हती.

आपल्याकडे खो-खोच्या संदर्भात त्या दालनाचे काम बव्हंशी अर्जुन पुरस्काराच्या यादीनेच केले. १९७० मध्ये सुधीर परब यांच्यापासून खो-खोची नावे त्यात येऊ लागली. पुढच्याच वर्षी अचला देवरे. १९७५ मध्ये श्रीरंग इनामदार आणि उषा नगरकर. १९८१ मध्ये हेमंत टाकळकर आणि सुषमा सारोळकर. एक गोष्ट सहज लक्षात येते : या यादीत स्त्रिया पुरुषांच्या मागे नाहीत. ज्या काळात इतर अनेक खेळांत स्त्रियांना मैदान मिळणेही दुरापास्त होते, त्या काळात खो-खोमध्ये त्या सन्मानाच्या मानकरी होत होत्या. नऊवारी-सहावारीच्या पिढीने मुलींच्या शाळांच्या पटांगणात हा खेळ रुजवला, त्याचे हे फळ होय, असे मला वाटते. १९८५ नंतर मात्र नावे विरळ झाली आणि १९९८ नंतर थांबलीच.

का थांबली? खेळ थांबला होता म्हणून खचित नव्हे. राष्ट्रीय स्पर्धा १९५९-६० पासून भरत आल्या आहेत आणि या बावीस वर्षांतही भरत होत्या. उत्तर आंतरराष्ट्रीय सामन्यांच्या नोंदीत आहे. अर्जुन पुरस्काराच्या निकषांत गेल्या चार वर्षांतील आंतरराष्ट्रीय कामगिरीला मोठे वजन असते. आता खो-खोची आंतरराष्ट्रीय दिनदर्शिका पाहा. १९८७ : कोलकात्याच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत प्रात्यक्षिक. १९९६ : पहिली आशियाई अजिंक्यपद स्पर्धा, कोलकाता. २००० : दुसरी, ढाका. तिसरी आशियाई स्पर्धा इंदूरला झाली ती २०१६ मध्ये. दोन स्पर्धांमध्ये सोळा वर्षे!

खो-खोपटूचे वय लक्षात घ्या. हा वेगाचा, गुडघ्यांचा आणि घोट्यांचा खेळ आहे. तेराव्या-चौदाव्या वर्षी मैदानात उतरलेला खेळाडू पंचविशीच्या आसपास शिखरावर असतो. सोळा वर्षांच्या पोकळीत अशी एक संपूर्ण पिढी येऊन निघून जाते. त्या पिढीतील सर्वोत्तम खेळाडूला देशाच्या बाहेरचा प्रतिस्पर्धी पाहण्यासही मिळत नाही; मग ‘आंतरराष्ट्रीय कामगिरी’ या रकान्यात त्याने काय लिहावे?

सारिका काळे याच पोकळीत खेळू लागली. (खेळाडूविषयी एकेरीत लिहिण्याची मराठी क्रीडालेखनाची रीत आहे, तीच येथे पाळली आहे; आज त्या शासकीय अधिकारी आहेत, याचे भान ठेवूनच.) तिला प्रथम मैदानावर नेले ते तिच्या मामा-काकांच्या पिढीतील एका खेळप्रेमी नातलगाने, तिच्या वयाच्या तेराव्या वर्षी. म्हणजे साल साधारण २००६. ढाक्याची स्पर्धा होऊन सहा वर्षे झाली होती आणि पुढची केव्हा होईल, याचा मागमूस नव्हता.

घरची परिस्थिती तिने पुढे २०२० मध्ये वृत्तसंस्थेशी बोलताना स्वतःच सांगितली. वडिलांची कमाई बेताची, आई शिवणकाम करी, आणि घर मुख्यतः आजी-आजोबांच्या मिळकतीवर चाले. जवळजवळ दहा वर्षे आपण दिवसातून एकदाच जेवत होतो, असे तिने सांगितले. हे वाक्य बातम्यांचे मथळे झाले आणि मथळ्यांचे जे होते तेच त्याचे झाले : लोक हळहळले आणि पुढे गेले. आपण मात्र त्यावर थोडे थांबू. कारण या वाक्याचा खरा अर्थ खेळ समजल्याशिवाय कळत नाही.

खो-खोचे मैदान आयताकृती. दोन टोकांना दोन खांब, त्यांना जोडणारी मधली पाटी, आणि तिच्यावरील आठ चौकोनांत पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ खेळाडू आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंडे करून बसलेले. नववा धावतो. त्याला मधली पाटी ओलांडता येत नाही, एकदा घेतलेली दिशा खांबापर्यंत बदलता येत नाही. पलीकडे जायचे तर बसलेल्याच्या पाठीमागून ‘खो’ द्यायचा आणि त्याने उठायचे. संरक्षण करणारे मात्र कसेही पळू शकतात; ते तिघा-तिघांच्या तुकड्यांनी आत येतात. तुकडी बाद झाली की दुसरी. मोठ्या गटात पाळी साधारण नऊ मिनिटांची.

नऊ मिनिटे हा काळ ऐकायला किरकोळ वाटतो. पण संरक्षण करणारी खेळाडू त्यांतील दोन मिनिटे जरी नाबाद राहिली, तरी मैदानाभोवती कौतुकाची कुजबुज सुरू होते. या दोन मिनिटांत ती सरळ रेषेत क्वचितच पळते. बसलेल्या खेळाडूंमधून नागमोडी साखळी घालायची, खांबाजवळ हुलकावणी द्यायची, पाठलाग करणारीने सूर मारला की कंबर आत घ्यायची, दर दोन-तीन पावलांना दिशा मोडायची. प्रत्येक दिशाबदलात सगळा भार एका पायावर येतो. पाठलागातही तेच : चवड्यांवर बसलेल्या स्थितीतून ‘खो’ कानावर पडताच पहिल्याच पावलाला पूर्ण वेग. सकाळ-संध्याकाळ हा सराव करणाऱ्या वाढत्या वयाच्या मुलीला किती अन्न लागत असेल, याचा अंदाज घरात खेळाडू असलेल्या कोणालाही येईल. एकवेळच्या जेवणावर दहा वर्षे हा खेळ खेळणे, आणि नुसते खेळणे नव्हे तर राष्ट्रीय संघापर्यंत जाणे, याचा हिशेब मांडताना लेखणी जड होते.

येथे एक विरोधाभासही आहे. खो-खो हा गरिबाचा खेळ, असे आपण अभिमानाने म्हणतो. चेंडू नको, रॅकेट नको, जाळी नको. दोन लाकडी खांब, फक्कीने आखलेल्या रेषा आणि मोकळी जमीन एवढे पुरे. म्हणूनच तो धाराशिवसारख्या जिल्ह्यात रुजू शकला. १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता. पुणे-बडोद्यात नियमांची घडण चालू असताना तो त्या वर्तुळाच्या बाहेर होता. पुढे शाळांच्या पटांगणांतून खेळ येथे पोहोचला आणि इतका फोफावला की राज्याच्या संघांत धाराशिवची नावे नेहमीची झाली. २०१८ मध्ये नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या, म्हणजे विकासात मागे राहिलेल्यांच्या, यादीत ज्या जिल्ह्याचे नाव आले, तोच हा जिल्हा. साधने स्वस्त असल्याने येथील मुलगी मैदानात येऊ शकली. परंतु तिच्या पोटाचा खर्च ना खेळाने उचलला, ना व्यवस्थेने. साधने स्वस्त असणे आणि खेळ स्वस्त असणे या दोन गोष्टी आपण नेहमी एकच धरतो.

सारिकाचे प्रशिक्षक चंद्रजित जाधव. धाराशिवच्या खो-खोचा इतिहास कोणी लिहील, तर हे नाव त्यात वारंवार येईल. २०१६ या वर्षी त्यांच्या वाट्याला एक असे काम आले, जे कोणत्याही प्रशिक्षण पुस्तिकेत नसते.

ते वर्ष असे : फेब्रुवारीत गुवाहाटी आणि शिलाँग येथे बारावी दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धा झाली आणि खो-खो प्रथमच तीत पदकाचा खेळ म्हणून समाविष्ट झाला. एप्रिलमध्ये इंदूरला तिसरी आशियाई अजिंक्यपद स्पर्धा. सोळा वर्षे बंद असलेले दार एकाच वर्षात दोनदा उघडले. आणि नेमक्या याच वर्षी सारिकाने खेळ सोडण्याचा निर्णय घेतला होता.

कारण कोणतीही दुखापत नव्हती. घरची आर्थिक ओढाताण टोकाला गेली होती आणि तिला त्यातून मार्ग दिसत नव्हता. हे नंतर जाधव यांनीच सांगितले. त्यांनी तिची समजूत घातली, ती मैदानावर परतली, आणि तोच तिच्या कारकिर्दीचा वळणबिंदू ठरला, असे त्यांचे म्हणणे. समजूत काढताना ते नेमके काय बोलले, याची कल्पना करण्याचा मोह मी टाळतो. तेवीस वर्षांच्या, दशकभर उपाशीपोटी पळालेल्या मुलीला ‘अजून थोडे खेळ’ असे सांगण्यासाठी स्वतःजवळ केवढा विश्वास असावा लागतो! आणि तो विश्वास चुकीचा ठरला असता, तर तिच्या घराची आणखी काही वर्षे वाया घालवल्याचे ओझे कोणाच्या माथी आले असते?

दक्षिण आशियाई स्पर्धेत भारतीय महिला संघाचे नेतृत्व सारिका काळेने केले. अंतिम सामन्यात बांगलादेशला नमवून भारताने सुवर्णपदक जिंकले. खो-खोला त्या स्पर्धेत मिळालेले हे पहिलेच महिला सुवर्ण, आणि ते स्वीकारणारी कर्णधार धाराशिवची. इंदूरच्या आशियाई स्पर्धेतही ती भारतीय संघात होती.

आता मघाचा कालक्रम पुन्हा आठवा. ती मैदानावर आली २००६ मध्ये. आंतरराष्ट्रीय पोकळी होती २००० ते २०१६. तिची पहिली दहा वर्षे पूर्णपणे त्या पोकळीत गेली. ती तीन-चार वर्षे आधी जन्मली असती, तर २०१६ येईतो बहुधा निवृत्त झाली असती. तिच्याहून थोड्या मोठ्या, तिच्याइतक्याच चपळ कितीतरी मुली अशा निवृत्त झाल्या. त्या आज गावोगावी शिक्षिका आहेत, पोलीस दलात आहेत, संसारात आहेत, आणि त्यांच्या नावापुढे ‘राष्ट्रीय खेळाडू’ याखेरीज काही लिहिता येत नाही. मॅराविचच्या ३६६७ गुणांसारखा एखादा आकडाही त्यांच्या नावावर सहज दाखवता येत नाही. किती मिनिटे पळती केली, किती गडी टिपले, हे प्रत्येक सामन्याच्या गुणपत्रिकेत लिहिले जाते. दुसऱ्या दिवशी स्थानिक वृत्तपत्राच्या आतल्या पानावर त्यातील चार ओळी छापून येतात. आणि मग ते कागद विखुरतात. धाग्याच्या वाचकांत कोणाच्या घरी जुन्या स्पर्धांच्या गुणपत्रिका किंवा कात्रणे असतील, तर ती रद्दीत देऊ नका, एवढी विनंती येथे मध्येच करून ठेवतो.

पुढची हकिकत वेगाने सांगता येते. पुरस्काराच्या सुमारे वर्षभर आधी सारिकाला शासकीय नोकरी मिळाली. तुळजापूर येथे तालुका क्रीडा अधिकारी म्हणून ती रुजू झाली. घराला प्रथमच स्थैर्य आले. पदकानंतर नोकरीपर्यंत तीन वर्षे गेली, हेही नोंदवून ठेवावे.

ऑगस्ट २०२० मध्ये अर्जुन पुरस्कारांची घोषणा झाली. एकूण सत्तावीस खेळाडू. शेजारच्या बीड जिल्ह्यातील कुस्तीगीर राहुल आवारे आणि नाशिक जिल्ह्यातील नौकानयनपटू दत्तू भोकनळ ही महाराष्ट्राची आणखी दोन ग्रामीण नावे त्याच वर्षाची. २९ ऑगस्टला, राष्ट्रीय क्रीडा दिनी, सोहळा झाला. पण तो नेहमीसारखा राष्ट्रपती भवनात सर्वांना एकत्र बोलावून नव्हे. कोरोनाची साथ ऐन भरात होती. राष्ट्रपती रामनाथ कोविंद दिल्लीत पडद्यासमोर आणि मानकरी देशभरातील निरनिराळ्या केंद्रांत, अशा रीतीने तो दूरस्थ पद्धतीने पार पडला. या पुरस्कारांच्या इतिहासात असे प्रथमच घडत होते. त्याच वर्षी अर्जुन पुरस्काराची रक्कम पाच लाखांवरून पंधरा लाख रुपये करण्यात आली. बावीस वर्षांनी खो-खोचे नाव पुकारले गेले, आणि सभागृहात टाळ्या वाजवायला खो-खोची माणसे नव्हती! धाराशिवमध्ये मात्र त्या दिवशी तोंडावर मुखपट्टी लावूनही आनंद लपला नसावा.

काही जण विचारतील, एका पुरस्काराने खेळाचे काय बदलते? २०२२ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात खो-खोची पहिली व्यावसायिक लीग खेळवली गेली. दूरचित्रवाणीवर सामने दिसले, खेळाडूंना मानधन मिळाले. ती लीग केवळ पुरुषांची होती. ज्या खेळाच्या सन्मानयादीत पहिल्यापासून स्त्रियांची नावे बरोबरीने आहेत आणि बावीस वर्षांची कोंडी एका स्त्रीने फोडली, त्या खेळात पैसा आला तो प्रथम पुरुषांसाठी. माझ्या मते खो-खोच्या अलीकडच्या इतिहासातील ही सर्वांत बोचरी नोंद आहे.

यादी मात्र पुन्हा थांबली नाही. २०२३ च्या अर्जुन पुरस्कारांत खो-खोचे नाव आले, नसरीन शेख. तीही महिला, तीही भारतीय संघाची माजी कर्णधार.

आणि जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. मातीऐवजी मॅट, बदललेली गुणपद्धती, महिलांचे एकोणीस संघ. अंतिम सामन्यात भारतीय महिलांनी नेपाळला ७८–४० असे हरवले. कर्णधार होती महाराष्ट्राची प्रियांका इंगळे, आणि त्या विश्वविजेत्या संघात अश्विनी शिंदे नावाची एक खेळाडू होती. गाव : धाराशिव.